डॉप्लर नावाचा माणूस

आमचं मेहकर बुलढाण्याचं नव्हे, बीदर जिल्ह्यातलं. गेल्या वर्षी आजोबांची बायपास ठरली, तेव्हा सगळं घर हैदराबादच्या एका दवाखान्यात मुक्कामाला होतं. सर्जननी आम्हाला समजावलं, की महाधमनीला चिमटा लावण्याआधी अल्ट्रासाउंडचा प्रोब थेट तिच्यावर टेकवून बघणार. आतल्या भिंतीवर चरबीचे, कॅल्शियमचे थर असतात. चिमट्याखाली त्यांचा चुरा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू होऊ शकतो. कडक थर बोटाला लागतो, मऊ थर मात्र हुकतो. रक्त कुठे कसं वाहतंय तेही मशीन दाखवतं, त्याला डॉप्लर म्हणतात, असं ते म्हणाले. मला वाटलं, कंपनीचं नाव असेल. बाहेर बसल्याबसल्या मोबाइलवर शोधलं, तर तो माणूस निघाला.

ख्रिश्चन डॉप्लर 1803 मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला पाथरवटांच्या घरात जन्मले. प्रकृती नाजूक, छिन्नी-हातोडा पेलणार नाही, म्हणून घरच्यांनी शिकायला पाठवलं. शिकले, पण नोकरी मिळेना. काही काळ सूतगिरणीत हिशेब लिहिले. अमेरिकेला जायची तयारीही केली होती, तेवढ्यात 1835 मध्ये प्रागला शिकवायची जागा मिळाली.

25 मे 1842 ला त्यांनी प्रागच्या विज्ञानसभेत निबंध वाचला. विषय होता जोडताऱ्यांचा रंग. लहरी सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर लहरी दाटतात, लांब जात असेल तर विरळ होतात, हा त्यातला गाभा. आपल्याकडे भालकी स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐका. गाडी पुढे गेली की सूर उतरतो, तो याचमुळे. 1845 मध्ये नेदरलँड्समध्ये बॉइस बॅलट यांनी रेल्वेवर तुतारी वाजवणारे बसवून हे तपासलं आणि आवाजाच्या बाबतीत ते खरं ठरलं.

गंमत म्हणजे, ताऱ्यांच्या रंगाबद्दल डॉप्लर चुकले होते. तो रंग मुख्यतः तापमानामुळे असतो. तत्त्व बरोबर, उदाहरण चूक! 1850 मध्ये ते व्हिएन्नाच्या भौतिकशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. तिथे ग्रेगोर मेंडेल हे धर्मगुरू त्यांचे विद्यार्थी होते. पण 1852 मध्ये पेत्झवाल या गणितज्ञाने त्यांचं तत्त्वच जाहीरपणे नाकारलं. क्षयाने छाती पोखरली होती. बरं वाटेल म्हणून व्हेनिसला गेले आणि 17 मार्च 1853 ला तिथेच वारले. वय 49, मागे बायको आणि पाच मुलं.

शंभर वर्षांनी, 1950 च्या दशकात, जपानमध्ये सातोमुरा यांनी हेच तत्त्व अल्ट्रासाउंडला जोडून धडधडत्या हृदयावर वापरलं. वाहत्या रक्तपेशींवरून परतणारी लहर वेग सांगते. मशीन त्याचा रंग करतं, बहुतेक वेळा जवळ येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं. ताऱ्यांत शोधलेला रंग असा शेवटी पडद्यावर आला.

आजोबांच्या महाधमनीत एका जागी मऊ थर सापडला. सर्जननी चिमट्याची जागा बदलली. आज आजोबा ओट्यावर बसून सगळ्यांशी बोलतात, जीभ जड नाही, हात वाकडा नाही.

आजीला मी हे सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की त्याला पुरलं कुठे. व्हेनिसच्या सान मिकेले बेटावर, मी म्हटलं. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तिने आमच्या माणसांच्या मेणबत्त्यांशेजारी एक जास्तीची लावली.