बर्फातल्या झोक्यावरचे साहेब

मैत्रिणींनो, गटाराची तक्रार घेऊन कधी नगरपालिकेत गेला आहात? या टेबलावरून त्या टेबलावर, तिथून वरच्या मजल्यावर, साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. १९५२ सालच्या एका जपानी सिनेमाच्या सुरुवातीला अगदी हेच घडतं. वस्तीतल्या बायका नगरपालिकेत येतात. सांडपाण्याचं डबकं बुजवा, तिथे मुलांना खेळायला बाग करा, एवढंच मागणं. एकेक खातं पालथं घालून त्या पुन्हा पहिल्याच खिडकीशी येऊन उभ्या राहतात! सिनेमाचं नाव ‘इकिरू’, म्हणजे जगणं. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा. आणि कागदांच्या ढिगाआड शिक्के मारत बसलेले वातानाबे साहेब झालेत ताकाशी शिमुरा. आज या शिमुरांविषयी सांगायचंय.

त्यांचा जन्म १९०५ चा, जपानमधल्या इकुनो या खाणीच्या गावचा. घराणं सामुराईंचं, पण आता नोकरीवर पोट असलेलं. ओसाकात कॉलेज सुरू झालं आणि वडील निवृत्त झाले, फीचे पैसे पुरेनात. मग मुलाने रात्रीच्या वर्गात नाव घातलं आणि दिवसा नोकरी धरली. कुठे, तर ओसाका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात! पडद्यावर ज्या खुर्चीत ते पुढे बसले, तसल्या कचेरीचा वास त्यांनी विशीतच घेतला होता. मला तर वाटतं, शिक्का मारतानाचा तो थंड, सवयीचा हात तिथूनच आला असावा.

पण मन रमलं नाटकात. हौशी मंडळी जमवली, तालमींपायी खाडे वाढले आणि नोकरी गेली. घरच्यांना काय वाटलं असेल, आपण आयाबाया समजू शकतो. नाटकातही पैसा नव्हताच. १९३४ च्या सुमारास ते क्योटोच्या सिनेमा स्टुडिओत शिरले आणि मिळेल ते काम करत राहिले. डाव्या विचारांच्या नाटकवाल्यांशी जुनी ओळख होती, म्हणून सरकारच्या खास पोलिसांनी त्यांना काही आठवडे डांबूनही ठेवलं. सुटका झाली ती पत्नीच्या आणि एका सहकारी नटाच्या हमीवर. गंमत बघा, युद्धानंतर १९४६ च्या एका सिनेमात त्याच खास पोलिसातला अधिकारी त्यांनी साकारला.

हिरोचा चेहरा त्यांना नव्हता. जाड ओठ, गोल डोळे, शेजारच्या काकांसारखे. कुरोसावांनी मात्र हाच चेहरा हेरला आणि पुढे आपल्या वीसहून अधिक सिनेमांत घेतला.

‘इकिरू’ केला तेव्हा शिमुरा होते अवघे सत्तेचाळीस वर्षांचे. वातानाबे त्यांच्याहून थकलेले, विधुर, मुलगा-सून एकाच घरात पण दूर. पोटाचा कॅन्सर झालाय. डॉक्टर सांगतात साधा अल्सर आहे. पण त्याआधी बाहेर बाकावर बसलेल्या एका पेशंटने, डॉक्टर काय बोलले की काय समजायचं, ते सगळं सांगून ठेवलेलं असतं! शिमुरा तिथे रडत नाहीत, ओरडत नाहीत. नुसते डोळे मोठे होत जातात. आपल्याकडच्या ‘आनंद’मधला राजेश खन्ना बोलबोलून जीव लावतो, इथे या माणसाच्या तोंडून वाक्य पुरं होत नाही.

मुलाला सांगायला जातात, जमत नाही. दारू, नाचगाणी करून बघतात, नवी हॅट घेतात. शेवटी ऑफिस सोडून खेळण्यांच्या कारखान्यात गेलेली एक हसरी मुलगी त्यांना आपण बनवलेला चावीचा ससा दाखवते. आणि यांना ते डबकं आठवतं! मग हा आजारी माणूस बायकांचा अर्ज हातात घेऊन स्वतःच टेबलाटेबलासमोर वाकत फिरतो. वरिष्ठ अपमान करतात, गुंड धमकावतात, हा हलत नाही.

बाग होते. पण सिनेमा खूप शिल्लक असतानाच साहेब जातात. उरलेली गोष्ट त्यांच्या शोकसभेत उलगडते. श्रेय कुणाचं यावर सहकारी वाद घालतात, आणि मध्येच वस्तीतल्या बायका येऊन उदबत्ती लावून हमसून रडतात. सगळे पुरुष खाली मान घालतात. त्या बायकांइतकी खरी साक्ष कुणाची नाही. शेवटच्या रात्री बर्फ पडत असताना साहेब बागेतल्या झोक्यावर बसून तरुणपणीचं एक गाणं म्हणत होते, हे तिथेच कळतं.

पुढे १९५४ मध्ये शिमुरा ‘सेव्हन सामुराई’चे म्होरके झाले. आपल्या ‘शोले’चं मूळ त्यात आहे म्हणतात. पोराला चोराच्या तावडीतून सोडवायला सामुराई असून डोकं भादरून घेणारा तो कांबेई! त्याच वर्षी ‘गोजिरा’मधले शास्त्रज्ञही तेच. मग हळूहळू कामं लहान होत गेली. नावाजलेल्या माणसाला हे जड जातं, पण ते लहान कामंही करत राहिले.

१९८० साली कुरोसावांनी ‘कागेमुशा’त पंचाहत्तरीच्या शिमुरांसाठी मुद्दाम एक भूमिका लिहिली. परदेशी दाखवलेल्या प्रतींतून नेमका तो भाग कापला गेला. १९८२ च्या फेब्रुवारीत फुप्फुसाच्या विकाराने ते गेले. कापलेला तो प्रसंग पुढे आलेल्या डीव्हीडीत पुन्हा घातलेला आहे.