सुकुमार राय : हसवता हसवता शिकवून गेलेला लेखक-चित्रकार



सत्यजित राय यांचं नाव तुम्हाला माहीत असेलच. मोठे चित्रपट दिग्दर्शक. पण त्यांचे वडील सुकुमार राय आपल्याकडे फारसे माहीत नाहीत. बंगालमध्ये मात्र त्यांच्या कविता न ऐकता मोठं झालेलं मूल सापडणं कठीण. आज त्यांचीच ओळख करून घेऊया.

सुकुमार यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कोलकात्यात झाला. घरात पुस्तकांचं वातावरण होतं. वडील उपेंद्रकिशोर हे मुलांसाठी गोष्टी लिहायचे, चित्रं काढायचे. त्यांच्या एका पुस्तकातली चित्रं छापताना फार खराब आली. दुसरा कोणी असता तर छापखान्याला दोष देऊन गप्प बसला असता. उपेंद्रकिशोर यांनी इंग्लंडहून यंत्रसामग्री मागवली, हाफटोन छपाईचा स्वतः अभ्यास केला आणि घरचाच छापखाना उभा केला. मुलांच्या हातात चांगलंच चित्र पडलं पाहिजे, हा हट्ट सुकुमार यांनी लहानपणापासून जवळून पाहिला.

पुढे सुकुमार प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकले. विषय कोणते? भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र! या दोन्ही विषयांत त्यांनी ऑनर्ससह पदवी घेतली. कॉलेजच्या काळातच भावंडं आणि मित्र जमवून त्यांनी एक ‘नॉन्सेन्स क्लब’ काढला. विनोदी नाटुकली लिहायची, बसवायची, सगळ्यांना हसवायचं, हा त्याचा उद्योग. १९११ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला गेले. लंडन आणि मँचेस्टर इथे त्यांनी छपाई आणि छायाचित्रणाचं तंत्र शिकून घेतलं.

१९१३ मध्ये ते परत आले. त्याच वर्षी वडिलांनी मुलांसाठी ‘संदेश’ नावाचं मासिक सुरू केलं होतं. बंगालीत संदेश म्हणजे बातमी आणि संदेश म्हणजे मिठाईसुद्धा. नावातच गंमत बघा. पण १९१५ च्या डिसेंबरमध्ये उपेंद्रकिशोर वारले आणि मासिकाची जबाबदारी सुकुमार यांच्यावर आली. वय अवघं अठ्ठावीस. आपल्यातल्या कितीतरी जणांना त्या वयात नुकतीच नोकरी लागलेली असते.

मग त्यांनी काय केलं? कविता, गोष्टी, नाटकं, कोडी, थोरांची चरित्रं, विज्ञानाचे लेख असं सगळं मुलांसाठी लिहिलं. आणि चित्रंही स्वतःच काढली. एका कवितेत त्यांनी बदक आणि साळिंदर जोडून एक प्राणी केला, बगळा आणि कासव जोडून दुसरा केला. शब्द जोडला तसं चित्रही जोडलं. ‘हजबरल’ या त्यांच्या गोष्टीत तर घाम पुसायचा रुमाल घेता घेता त्याचं मांजर होतं! वाचणाऱ्या मुलाला हे खोटं आहे हे पक्कं कळतं, म्हणूनच ते हसतं. खरं बदक कसं असतं हे ठाऊक असल्याशिवाय बदक-साळिंदराची गंमत कळेल का? म्हणजे हसताना मूल विचारच करत असतं.

१९२१ साली त्यांच्या घरी सत्यजितचा जन्म झाला. त्याच वर्षी सुकुमार यांना काळा आजार झाला. तेव्हा त्यावर सहज मिळेल असा खात्रीचा उपाय नव्हता. ताप यायचा, शक्ती जायची. तरी अंथरुणावर पडून त्यांचं लिहिणं आणि चित्रं काढणं चालूच राहिलं. ‘आबोल ताबोल’ या कवितासंग्रहाची मांडणी आणि मुखपृष्ठ त्यांनी आजारपणातच तयार केलं. रवींद्रनाथ टागोर त्यांना भेटायला आले होते, त्यांनी त्यांच्या उशाशी बसून गाणी म्हटली. १० सप्टेंबर १९२३ रोजी सुकुमार गेले. वय पस्तीस. पुस्तक छापून आलं ते त्यानंतर नऊ दिवसांनी. ज्या पुस्तकाने बंगालच्या कित्येक पिढ्यांना हसवलं, ते त्यांना छापील रूपात बघायलाच मिळालं नाही.

पुढे काही वर्षांत छापखानाही हातचा गेला. आई सुप्रभा छोट्या सत्यजितला घेऊन माहेरच्या आधाराने राहिल्या. पण वडिलांची पुस्तकं मागे होतीच. १९६१ मध्ये सत्यजित यांनी ‘संदेश’ पुन्हा सुरू केलं, त्यासाठी स्वतः गोष्टी लिहिल्या आणि चित्रंही काढली. १९८७ मध्ये वडिलांच्या जन्मशताब्दीला त्यांच्यावर माहितीपटही केला.

आता एक माझी चूक सांगते. दुसरीच्या वर्गात एका मुलाने मांजराला शिंगं काढली होती. मी लगेच लाल पेनने फुली मारली. त्याने ती वही परत मला कधी आपणहून दाखवली नाही. सुकुमार राय वाचले तेव्हा ती वही आठवली. त्याला मांजर माहीत नव्हतं असं थोडंच आहे! त्या शिंगांचं मांजर काय करतं, एवढं मी विचारायला हवं होतं. त्याच्याकडे नक्की एक गोष्ट होती, ती मी ऐकलीच नाही.

म्हणून आता मी महिन्यातून एकदा वर्गात ‘जोडप्राणी’ घेते. दोन प्राणी निवडायचे, जोडायचे, नाव द्यायचं, चित्र काढायचं आणि तो काय खातो, कुठे राहतो ते चार ओळींत लिहायचं. भाषा, परिसर अभ्यास आणि चित्रकला असे तिन्ही विषय एकाच तासात होतात. वाचनाला कंटाळणारी मुलंही दुसऱ्याच्या वहीत डोकावून वाचतात. पालकहो, घरी रविवारी तुम्हीसुद्धा करून बघा. फक्त एक करा, हातात लाल पेन घेऊ नका.