मिस् सिंथिया फॅरार

मिस् सिंथिया फॅरार ह्यांचा जन्म अमेरिकेंत १७९५ सालीं झाला. मुलींना शिकविण्याकरितां त्या १८२७ सालीं मुंबईस आल्या. प्रकृति ढासळल्यामुळें १८३७ सालीं त्यांना मायदेशीं परतावें लागलें. तेथेंच राहणें सोपें होतें. परंतु १८३९ सालीं त्या हिंदुस्थानांत परत आल्या व अहमदनगरास राहिल्या. मुंबईच्या परिचित शाळा सुटल्या. चाळिशी उलटल्यावर नवें गांव, नव्या मुली, पुन्हां पहिल्यापासून आरंभ! स्त्रीशिक्षणास तेव्हां लोक प्रतिकूल होते, तरी बाईंनीं धीर सोडला नाहीं. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले ह्यांनीं स्फूर्ति घेतली व १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढिली. १८६२ सालीं बाईंनीं अहमदनगरासच देह ठेविला. जेथें त्या परक्या म्हणून आल्या, तेंच त्यांचें घर झालें.