पॅप म्हणजे कोण?

गेल्या पावसाळ्यात आमचे मामा सारखे खोकत होते. बिडी सोडून दहा वर्षं झाली, पण खोकला काही सुटेना. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि सांगितलं, तीन दिवस सकाळी उठल्या-उठल्या जो बेडका पडेल तो डबीत घालून लॅबमध्ये द्या. आम्हाला वाटलं, टीबीसाठी असेल. पण कागदावर कॅन्सरच्या पेशींची तपासणी असं लिहिलेलं! ती डबी रुमालात गुंडाळून पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

लॅबमधल्या ताईंना मी विचारलं, अहो, थुंकीत कॅन्सर कसा काय दिसतो? त्या सहज म्हणाल्या, तुमच्या-आमच्या पॅप टेस्टसारखंच की, रंगसुद्धा तोच वापरतो आम्ही. मी मान डोलावली. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, माझ्या पॅप टेस्टची चिठ्ठी दोन वर्षं कपाटात साड्यांच्या घडीखाली पडून होती. काही त्रास नाही, मग उगाच कशाला तपासून घ्यायचं? आणि लाज वाटते ती वेगळीच.

त्या रात्री झोप येईना. मनात आलं, हे पॅप पॅप म्हणजे आहे तरी काय? मग शोधून वाचत बसले. पॅप हे एका माणसाच्या नावाचं लाडकं, छोटं रूप निघालं. जॉर्ज पापानिकोलाऊ. त्यांची गोष्ट वाचताना मला सारखी त्यांची बायकोच दिसत राहिली.

पापानिकोलाऊंचा जन्म १३ मे १८८३ चा, ग्रीसमधल्या एव्हिया बेटावरच्या कीमी या लहानशा गावातला. वडील डॉक्टर. मुलानं आपल्यासारखाच दवाखाना चालवावा, ही त्यांची इच्छा. मुलगा १९०४ मध्ये अथेन्सला डॉक्टर झालाही, पण त्याचा जीव संशोधनात. जर्मनीत जाऊन त्यानं १९१० मध्ये प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी अँड्रोमाके नावाच्या मुलीशी लग्न केलं. ती पियानो वाजवायची, फ्रेंच बोलायची. पुढे सगळे तिला मेरी म्हणू लागले.

१९१३ मध्ये दोघं न्यूयॉर्कला उतरले. खिशात जेमतेम पैसे, इंग्रजी येत नाही, ओळखपाळख कुणाची नाही. डॉक्टरसाहेब एका मोठ्या दुकानात गालिचे विकायला उभे राहिले आणि मेरीनं कपड्यांना बटणं शिवायचं काम धरलं. परक्या गावात संसार मांडताना बाईला काय काय करावं लागतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

पुढच्याच वर्षी त्यांना कॉर्नेल मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. मेरीही तिथेच मदतीला जाऊ लागली, तीही बिनपगारी! काम होतं गिनीपिगवर. त्यांच्या मादीत बीज नेमकं कधी तयार होतं, हे कळायला हवं होतं. त्यासाठी एकेक प्राणी मारावा लागे. पापानिकोलाऊंना वाटलं, बाईला पाळी येते, तसं या माद्यांच्या अंगातही काहीतरी चक्र चालत असणारच. त्यांनी नाक तपासायचं छोटं उपकरण घेतलं, मादीच्या योनिमार्गातला स्राव अलगद काढला, काचेच्या पट्टीवर पसरला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. दिवसागणिक पेशींचं रूप बदलताना दिसलं. १९१७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

आता बाईच्या शरीरात काय होतं, ते पाहायचं होतं. पण अशा तपासणीला कोण तयार होणार? मेरी तयार झाली. रोजच्या रोज तिच्या स्रावाची पट्टी तयार होई. एक-दोन महिने नव्हे, जवळजवळ वीस वर्षं! या दोघांना मूल नव्हतं. सकाळी बरोबर निघायचं, दिवसभर प्रयोगशाळेत काम करायचं, संध्याकाळी बरोबर परतायचं, असा त्यांचा संसार. मेरीच्या निरोगी पेशी इतकी वर्षं पाहिल्या होत्या, म्हणून तर वेगळी पेशी समोर आल्यावर ती डोळ्यांत भरली.

दवाखान्यातल्या इतर बायकांच्या पट्ट्या तपासताना एके दिवशी त्यांना विचित्र पेशी दिसल्या. केंद्रक मोठं, गडद, वेडंवाकडं. त्या बाईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. म्हणजे चिरफाड न करता, नुसत्या गळून पडलेल्या पेशींवरून कॅन्सर कळू शकतो! जानेवारी १९२८ मध्ये त्यांनी एका परिषदेत हे मांडलं. कौतुक दूरच, कुणी फारसं लक्षही दिलं नाही. तुकडा काढून तपासता येतो, मग सुट्या पेशी बघत कशाला बसायचं, असा जाणकारांचा सूर. रुमानियातल्या आउरेल बाबेश या डॉक्टरांनीही त्याच सुमारास अशीच पद्धत शोधली होती. तिकडेही जगाचं लक्ष गेलं नाही.

पुढची दहा-अकरा वर्षं हे काम जवळपास बाजूलाच पडलं. १९३९ मध्ये विभागाला जोसेफ हिन्सी हे नवे प्रमुख आले आणि त्यांनी धीर दिला. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्या साथीनं, न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात येणाऱ्या बायकांची सरसकट तपासणी सुरू झाली. ज्यांना कसलाही त्रास नव्हता, अशांतही सुरुवातीचा कॅन्सर सापडू लागला. १९४१ मध्ये लेख आला, १९४३ मध्ये पुस्तक. तेव्हा पापानिकोलाऊ साठीला आले होते!

मग त्यांनी हीच नजर शरीरात इतरत्र वळवली. लघवी, पोटातला स्राव आणि फुफ्फुसातून येणारा बेडका. १९५४ च्या त्यांच्या जाडजूड सचित्र ग्रंथात हे सगळं आहे. मामांची डबी तपासणाऱ्या ताई त्याच वाटेनं चालल्या होत्या तर!

पण एक गोष्ट वाचून मी थांबले. फुफ्फुसाच्या बाबतीत ही युक्ती निदानाला उपयोगी पडली, पण आधीच पकडायला पुरली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत हजारो सिगारेट ओढणाऱ्यांची थुंकी नियमित तपासून पाहिली, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. गर्भपिशवीच्या तोंडाचं तसं नाही. तिथे पेशी बिघडायला लागल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुतेकदा कित्येक वर्षं जातात. तेवढा वेळ आपल्या हातात असतो. नियमित तपासणी सुरू झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याहून खाली आले.

१९ फेब्रुवारी १९६२ रोजी मायामीत हृदयविकारानं पापानिकोलाऊ गेले. तिथल्या कॅन्सर संस्थेचं काम हाती घेऊन थोडेच महिने झाले होते. नोबेल त्यांना मिळालं नाही. ग्रीसनं मात्र पुढे दहा हजार द्राख्माच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं. मेरी त्यांच्यामागे वीस वर्षं जगली, १९८२ मध्ये गेली. तिचं चित्र कुठल्या नोटेवर नाही.

आज पॅपच्या जोडीला इतर तपासण्याही आहेत. हा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका एका मोठ्या अभ्यासात होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियल त्यात होते. ज्या गटाला एचपीव्हीची तपासणी एकदाच देऊ केली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू सुमारे निम्मे झाले, असं २००९ मध्ये जाहीर झालं. खेड्यापाड्यांतल्या, आपल्यासारख्याच बायका होत्या त्या. सरकारी दवाखान्यांत तिशीनंतर व्हिनेगरसारखं द्रावण लावून करायची साधी तपासणीही असते. कुठली करायची, ते डॉक्टरांना विचारावं. मुलींसाठी लस आहे, तिचीही चौकशी करावी.

मामांच्या थुंकीत त्या पेशी सापडल्या. उपचार चालू आहेत. आणखी थोडं आधी कळलं असतं तर, हा विचार मामींच्या मनातून जात नाही.

रिपोर्ट आला त्याच आठवड्यात मी साड्यांखालची चिठ्ठी काढली. तारीख जुनी झाली होती, म्हणून डॉक्टरबाईंनी नवी लिहून दिली. आत जाताना लाज वाटलीच. मग ती मेरी आठवली. वीस वर्षं! आणि मला पाच मिनिटं जड झाली होती. बाहेर आले, रिक्षा केली. घरी आल्यावर धाकट्या जावेला सांगितलं, पुढच्या सोमवारी तुझा नंबर, मी येते बरोबर.