खाँसाहेबांचा तंबोरा

भजन पांढुर्णा-सौसरच्या मराठी मुलखातले असो वा पंढरीच्या वाटेवरचे, एकतारीचा एक स्वर त्याला पुरतो. ख्यालाचे तसे नाही, आणि हे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याइतके क्वचितच कोणी जाणले असेल. १८७२ साली उत्तरेतील किराणा गावी जन्मलेले खाँसाहेब बडोद्यामार्गे महाराष्ट्रात आले आणि मिरजेचे झाले. आपल्या केसरबाई केरकरांनाही बालपणी कोल्हापुरात त्यांची काही महिने तालीम लाभली होती.

मिरज हे तंबोऱ्यांचे गाव. चार तारांपैकी मधली जोडी षड्जाची, शेवटची खर्जाची. पहिली पंचमाची, पण मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून ती मध्यमावर उतरवतात. घोडीवर तारेखालचा सुताचा धागा किंचित सरकवला की जवारी खुलते आणि खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार उमटतो. खाँसाहेबांचा स्वर इतका सुरेल का, याचे निम्मे उत्तर त्या स्वयंभू गंधारात असावे.

सांगलीचे कृ. बा. देवल बावीस श्रुती तारेच्या लांबीवरून मोजू पाहत होते. त्या प्रयोगांना खाँसाहेबांनी आपला गळा दिला. भातखंडे यांना ती मोजणी मान्य नव्हती.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले खाँसाहेब अस्वस्थ वाटून वाटेतच सिंगपेरुमलकोईल स्थानकावर उतरले. फलाटावर अंथरूण घातले, तंबोरा लावला, दरबारी कानड्यात प्रार्थना केली आणि तेथेच प्राण सोडला, असे सांगतात. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे.