खिशातला वितळलेला खाऊ

खीर किंवा पिठले चुलीवर असताना हात थांबला की ते तळाला लागते आणि वरचा थर मात्र अजून कोमटच असतो. आचेने आधी भांडे तापते, मग तळाचा थर आणि शेवटी मधला भाग. पदार्थ जितका दाट, तितकी ही उष्णता आत पोहोचायला उशीर. हा क्रम बदलण्याची वाट ज्यांनी दाखवली, त्या पर्सी स्पेन्सर यांचे शालेय शिक्षण बाराव्या वर्षीच थांबले होते.

अमेरिकेच्या मेन राज्यातील हाउलंड या गावी १८९४ मध्ये त्यांचा जन्म झाला. ते दीड वर्षांचे असताना वडील वारले. आईने त्यांना नात्यातल्या एका जोडप्याकडे सोपवले. स्पेन्सर सात वर्षांचे झाले, तेव्हा त्या घरातला कर्ता पुरुषही गेला. बाराव्या वर्षी शाळा सोडून ते रिळांच्या गिरणीत कामाला लागले. पुढे जवळच्या कागद गिरणीत वीज येणार असल्याचे कळताच त्यांनी तिथे काम मिळवले आणि विजेची जोडणी हाताने करत करत शिकून घेतली.

१९१२ मध्ये टायटॅनिक जहाज बुडाले. त्या वेळी बिनतारी संदेश यंत्रणेने बजावलेल्या कामगिरीने स्पेन्सर भारावून गेले आणि नौदलात भरती झाले. तिथे रात्रपाळीत पहारा देताना ते गणित आणि भौतिकशास्त्राची पुस्तके वाचत. १९२० च्या दशकात ते रेथिऑन या कंपनीत दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन ही नळी अत्यावश्यक होती. सूक्ष्मलहरी निर्माण करणारी ही नळी घडवणे फार वेळखाऊ होते. स्पेन्सर यांनी घडवण्याची पद्धतच बदलली आणि कंपनीचे उत्पादन दिवसाला अडीच हजारांच्या पुढे गेले.

१९४५ मध्ये चालू मॅग्नेट्रॉनसमोर उभे असताना त्यांच्या खिशातली खाऊची वडी वितळली. असा अनुभव त्यांच्या आधी इतरांनाही आला होता, पण त्याचा पाठपुरावा स्पेन्सर यांनी केला. त्यांनी मक्याचे दाणे नळीसमोर ठेवले, तर त्यांच्या लाह्या फुटल्या. मग अंड्याची पाळी आली. ते फुटून जवळ वाकून पाहणाऱ्या सहकाऱ्याच्या तोंडावर उडाल्याची आठवण सांगितली जाते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९५० मध्ये पेटंट मिळाले.

यामागचे तत्त्व सोपे आहे. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, तर दुसरी किंचित ऋण असते. लहरींचे विद्युतक्षेत्र सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलते. त्यासोबत वळण्याच्या धडपडीत रेणू एकमेकांवर घासतात आणि पदार्थातच उष्णता तयार होते. पदार्थ किरणोत्सारी मात्र होत नाही.

१९४७ मध्ये बाजारात आलेली पहिली भट्टी जवळजवळ माणसाएवढी उंच होती आणि तिचे वजन सुमारे ३४० किलो होते. ओट्यावर मावणारी भट्टी घरोघरी जाऊ लागली ती १९६७ नंतर. या शोधाबद्दल स्पेन्सर यांना कंपनीकडून अवघे दोन डॉलर मिळाले, असे सांगतात. पदवी नसलेल्या या माणसाला विद्यापीठाने मानद डॉक्टरेट मात्र दिली. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

सूक्ष्मलहरींनाही मर्यादा आहे. घरच्या भट्टीतल्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते आणि त्या पदार्थात काही सेंटिमीटरच शिरतात. म्हणून कारखान्यात रस, सॉस, फळांचा गर असे पातळ व दाट पदार्थ तापवण्यासाठी रेडिओ लहरींचाही पर्याय पुढे आला. २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी हवेत सुमारे ११ मीटर भरते आणि ती बरीच खोलवर पोहोचते. नळीतून वाहणारा पदार्थ दोन विद्युतपट्ट्यांमधून जाताना आतूनच तापतो. त्यामुळे तो तळाला लागत नाही आणि जंतू मारताना चव व जीवनसत्त्वे जास्त टिकवता येतात. पदार्थातल्या मिठाच्या प्रमाणानुसार उष्णता कमी-जास्त होते, म्हणून यंत्र प्रत्येक पदार्थासाठी वेगळे जुळवावे लागते.

घरीही एवढे पाळावे. मायक्रोवेव्हमध्ये डाळ किंवा सूप तापवताना मध्येच एकदा ढवळावे आणि बाहेर काढल्यावर दोन मिनिटे थांबावे. नाहीतर एखादा भाग थंड राहून तिथले जंतू वाचतात. बाळाच्या दुधाची बाटली त्यात तापवू नये, कारण बाटली बाहेरून कोमट लागली तरी आतले दूध तोंड पोळण्याइतके गरम असू शकते. आणि सालासकट अंडे त्यात कधीही ठेवू नये. तो धडा स्पेन्सर यांच्या प्रयोगशाळेत केव्हाच मिळाला आहे.