तुटलेल्या तारेचा धडा : भारतीय तारखात्याचे जनक ओशॉनेसी

जबलपूर, ८ जानेवारी : मोबाइलवरील संभाषण मध्येच खंडित होऊ नये यासाठी एकच माहिती एकाच वेळी दोन मार्गांनी पाठविण्याचे तंत्र आज रूढ होत आहे. या विचाराची निकड भारतात प्रथम जाणवली ती १८५७ मध्ये, एका तुटलेल्या तारेमुळे. ती तार उभारणारे सर विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांचा आज स्मृतिदिन. ८ जानेवारी १८८९ रोजी इंग्लंडमधील साउथसी येथे त्यांचे निधन झाले.

ओशॉनेसी यांचा जन्म १८०९ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. शिक्षणाने ते वैद्य होते. एडिंबरो येथे पदवी घेतल्यानंतर १८३१-३२ च्या पटकीच्या साथीत त्यांनी रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले. रोग्याच्या रक्तातील पाणी व क्षार झपाट्याने घटतात, हे त्यांनी दाखवून दिले आणि ते शिरेतून परत देण्याचा मार्ग सुचविला. सलाइनच्या उपचाराचा पाया त्यातून घातला गेला. १८३३ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत कोलकात्यास आले आणि पुढे तेथील वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१८३९ मध्ये कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाच्या परिसरात त्यांनी तारायंत्राचे प्रयोग केले. कंपनी सरकारने त्यांची दखल घेण्यास मात्र दशकाहून अधिक काळ लागला. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या पाठिंब्याने १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर हा मार्ग सुरू झाला. या कामात शिवचंद्र नंदी हे बंगाली तरुण त्यांचे प्रमुख सहकारी होते. भारतीय तारखात्यातील पहिल्या एतद्देशीय अधिकाऱ्यांत त्यांची गणना होते.

पुढच्याच वर्षी ब्रह्मदेशातील युद्धाची वार्ता या मार्गाने कोलकात्यास काही क्षणांत पोहोचली आणि देशव्यापी योजनेला वेग आला. ओशॉनेसी तारखात्याचे अधीक्षक झाले. नोव्हेंबर १८५३ मध्ये काम सुरू झाले आणि मार्च १८५४ मध्ये कोलकात्याहून सुमारे ८०० मैलांवरील आग्र्याशी संपर्क जुळला. तेथून एक शाखा पेशावरकडे, तर दुसरी ग्वाल्हेर, इंदूर आणि सेंधव्याच्या घाटाने मुंबईकडे व पुढे मद्रासकडे गेली. सुमारे ४ हजार मैलांचे हे जाळे होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये ते सर्वसामान्यांसाठी खुले झाले. वादळ, मुसळधार पाऊस आणि तारेवर झोके घेणारी माकडे यांचा विचार करून ओशॉनेसी यांनी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळईचा पुरस्कार केला होता. तार तुटू नये, हा त्यांचा ध्यास होता. तुटल्यास काय, या प्रश्नाला मात्र त्या रचनेत उत्तर नव्हते.

कारण या जाळ्याला फाटे होते, पण वळसे नव्हते. कोलकात्याहून मद्रासला जाणारा संदेशही आग्रा आणि मुंबई असा प्रचंड फेरा घेऊन जात असे. ११ मे १८५७ रोजी दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला गेलेल्या संदेशांमुळे पंजाबातील इंग्रज अधिकाऱ्यांना सावध होण्यास अवधी मिळाला. तार हे परकीय सत्तेचे शस्त्र आहे, हे बंडवाल्यांनीही ओळखले. त्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या आणि कोलकाता ते आग्रा हा कणाच मोडला. जबलपूर त्या काळी या मुख्य मार्गावर नव्हते. गोंड राजे शंकरशहा आणि त्यांचे पुत्र रघुनाथशहा यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी येथेच तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्या बलिदानाची स्मृती शहराने आजही जपली आहे.

उठावानंतर तारखात्याचे धोरण बदलले. कोलकाता आणि मद्रास पूर्व किनाऱ्याने थेट जोडले गेले. ओशॉनेसी मात्र लवकरच भारत सोडून गेले आणि १८६१ मध्ये त्यांनी आपले आडनाव बदलून ब्रुक असे केले. त्यांच्या पश्चात पर्यायी मार्गांचा विचार देशाबाहेरही विस्तारला. १८६५ मध्ये इराणच्या आखातातून युरोपशी संपर्क जुळला, तर १८७० मध्ये रशिया-इराणमार्गे जमिनीवरील आणि सुएझ-एडनमार्गे मुंबईपर्यंतचा समुद्राखालील असे आणखी दोन मार्ग खुले झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईकडील आणि अलाहाबादकडील लोहमार्ग जबलपूर येथे मिळाले. मुख्य मार्गाबाहेर राहिलेले हे शहर आता दोन महानगरांना जोडणाऱ्या वाटेवर आले.

दळणवळणाशी जडलेले जबलपूरचे नाते पुढे अधिक दृढ झाले. लष्कराच्या सिग्नल्स दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. १९४२ मध्ये सुरू झालेली दूरसंचार प्रशिक्षण संस्था आज भारतरत्न डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखली जाते.

आजच्या मोबाइल जाळ्यात ऑप्टिकल फायबर वर्तुळाकार टाकली जाते. एका बाजूला ती तुटली, तर माहिती उलट दिशेने फिरून पोहोचते. ५जी तंत्रात हँडसेट एकाच वेळी दोन टॉवरशी जोडलेला राहू शकतो. महत्त्वाच्या माहितीच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक देऊन त्याच्या दोन प्रती दोन मार्गांनी धाडल्या जातात. आधी आलेली प्रत स्वीकारली जाते आणि नंतरची टाकून दिली जाते. यात लहरींची क्षमता आणि बॅटरी अधिक खर्च होते. त्यामुळे सिग्नल क्षीण होईल तेव्हाच दुसरा मार्ग जागा करावा आणि स्थिती सुधारताच तो मोकळा करावा, असा समन्वय यंत्रणेला क्षणोक्षणी साधावा लागतो.

एक पथ्य मात्र ओशॉनेसी यांच्या काळापासून बदललेले नाही. एकाच खांबावरच्या दोन तारा हा एकच मार्ग असतो. खांब पडला की दोन्ही जातात. एकाच चरातून नेलेल्या दोन केबलही जेसीबीच्या एका फटक्यात तुटतात. पर्यायी मार्गाची वाट खरोखर वेगळी असेल, तरच तो पर्याय ठरतो. रुग्णवाहिकेला केलेला फोन लागतो की नाही, हे अखेर त्यावरच अवलंबून असते.